छाट किती काढायची, याचा नियम आम्हालाही लावा

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि कामगार विभागातील अधिकारी,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

घरी बसून, मोबाइलवर किंवा जुन्या लॅपटॉपवर छोटी छोटी कामं करून पैसे मिळवणाऱ्या लोकांविषयी हे पत्र आहे. आम्ही त्याला 'टास्क करणं' म्हणतो. केलेलं काम मनाला येईल तसं नाकारतात आणि पैसे देत नाहीत. विडीच्या धंद्यात अशा बाजूला टाकलेल्या मालाला 'छाट' म्हणतात, आणि तिला मर्यादा घातलेली होती. तशीच मर्यादा आम्हाला हवी आहे. मी संगमनेरची. आमच्या ग्रुपमध्ये सिन्नरच्या, बार्शीच्या, लातूरच्या बायका आहेत, एक-दोघी नागपूरच्या आहेत. काही पुरुषही आहेत, बहुतेक नोकरी गेलेले किंवा अजून न लागलेले. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही. आमची संघटना नाही. आमच्या कामाला फाटक नाही, त्यामुळे फाटकसभा घ्यायची म्हटली तरी कुठे घेणार? डिलिव्हरीची पोरं संपावर गेली की संध्याकाळच्या आत बातमी होते, कारण कोणाचं तरी जेवण अडतं. आम्ही सगळ्यांनी मिळून आठवडाभर लॅपटॉप मिटून ठेवले तरी या राज्यात कोणाचं काही अडणार नाही. अडलंच तर कॅलिफोर्नियातल्या कोणाचं तरी अडेल, आणि तो तेवढं काम फिलिपिन्सला नाहीतर केनियाला धाडून मोकळा होईल.

म्हणून हे उघड पत्र.

आधी काम काय ते सांगते, कारण 'ऑनलाइन काम' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक तर हिंजवडीतली आयटीवाली पोरगी येते, नाहीतर टेलिग्रामवरची फसवणूक. एखादा फोटो घ्या. अमेरिकेतला कुठलासा चौक, पाऊस पडतोय, गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेला. त्यातल्या प्रत्येक वाहनाभोवती, माणसाभोवती, सिग्नलभोवती चौकट काढायची. अशी चित्रं बघून यंत्र वस्तू ओळखायला शिकतं. चौकट वस्तूला चिकटून हवी. दोन पिक्सेल सैल असली तर चालते, तीन चालत नाही. झाडामागे सायकल उभी आहे, तिचं मागचं चाक तेवढं दिसतंय. दिसतं तेवढ्यालाच चौकट काढायची, की झाडाआडचा भाग अंदाजानं धरून? सूचनापत्रक उघडायचं. ते इंग्रजीत, चाळीस-पन्नास पानांचं. या कामात अंदाजानं धरायचं असतं. दुसऱ्या कोणाचं काम असलं की नेमकं उलट. बाबागाडीतलं बाळ पादचारी धरायचं का? नाही. ती ढकलणारी बाई? हो. दुकानाच्या काचेतलं माणसाचं प्रतिबिंब? नाही. जाहिरातीच्या फलकावरचा हसरा माणूस? त्याला चौकट काढली की काम नाकारलंच म्हणून समजा. तिकडे रस्त्याकडेला आग विझवण्यासाठी पाण्याचे बुटके नळखांब असतात. मी तसला एकही प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण बर्फात अर्धा गाडला गेलेला असला तरी ओळखते.

असा एक फोटो नीट करायला तीन मिनिटं लागतात. दर समजा चार सेंट. तासाला 20 फोटो म्हणजे 80 सेंट, म्हणजे साधारण 70 रुपये. हा हिशेब सलग काम मिळालं तरचा. सलग काम मिळत नाही. काम शोधण्यात, सूचना वाचण्यात, पात्रतेच्या चाचण्या देण्यात जो वेळ जातो त्याचा दर शून्य. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2018 मध्ये या कामावर अहवाल काढला, त्यासाठी अशी कामं वाटणाऱ्या पाच संकेतस्थळांवरच्या (त्यांना 'प्लॅटफॉर्म' म्हणतात) 75 देशांतल्या 3,500 कामगारांना विचारलं होतं. पैसे मिळणाऱ्या प्रत्येक तासामागे 20 मिनिटं फुकटची जातात, असं त्यात निघालं. ही फुकटची मिनिटं धरली तर निम्म्या लोकांची कमाई तासाला 2.16 डॉलरच्या आत होती. त्यात अमेरिकेतले लोकही आले, हे लक्षात घ्या.

फोटोशिवाय बाकीही असतं. पावत्यांचे फोटो बघून रकमा टाइप करणं, आवाज ऐकून शब्द उतरवणं. अलीकडे मराठीतली कामंही येतात: यंत्रानं दिलेली दोन मराठी उत्तरं वाचून बरं कुठलं ते सांगायचं, कमेंटमधली शिवीगाळ कोणत्या प्रकारची ते ठरवायचं. या शेवटच्या कामाबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. दिवसभर घाण वाचायची आणि मग मुलांना डबा भरून द्यायचा, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

हा धंदा कालचा नाही. ॲमेझॉननं 'मेकॅनिकल टर्क' हा अशी कामं वाटणारा प्लॅटफॉर्म सुरू केला तो 2005 मध्ये. चित्र बघून त्यात काय आहे ते ओळखणारी यंत्रं ज्यावर तयार झाली, त्या 'इमेजनेट' संग्रहातली 1 कोटी 40 लाख चित्रं 167 देशांतल्या सुमारे 49 हजार लोकांनी त्या ठिकाणी बसून वर्गवार लावली. यंत्रं हुशार झाल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो, तुमच्या खात्यातही वाचत असतील. त्या हुशारीमागे हे तास आहेत.

आमचे तास बहुतेक रात्रीचे असतात. न्यूयॉर्कला सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात. म्हणजे इकडे कुकर लावायची वेळ आणि तिकडे चांगली कामं पडायची वेळ एकच. जेवणं उरकून, ओटा आवरून बसेपर्यंत चांगल्या दराचं काम पाकिस्तान-बांगलादेशातल्या कोणीतरी उचललेलं असतं. मग उरलेलं रात्री दोनपर्यंत. 'घरबसल्या कमवा'च्या जाहिरातीतली बाई नेहमी उन्हात, सोफ्यावर, कॉफीचा मग घेऊन का बसलेली असते, हे मला कळलेलं नाही.

दर कमी आहे ही तक्रार आहेच, पण आज ती बाजूला ठेवते. दर परवडला नाही तर ते काम मी उचलणार नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे. माझ्या हातात काहीच नाही ते काम झाल्यावर.

काम पूर्ण करून पाठवलं की ते 'प्रलंबित' म्हणून पडून राहतं. कधी दोन दिवस, कधी महिना. मग ते मंजूर होतं किंवा नाकारलं जातं. नाकारलं तर पैसे नाहीत. कारण कधी दिलेलं असतं, कधी नसतं. असलं तर 'गुणवत्ता पुरेशी नाही' एवढंच. शे-दोनशे फोटोंचा गठ्ठा असेल तर त्यातले दहा उघडून बघतात आणि पूर्ण गठ्ठा नाकारतात. तपासायची रीतही ऐकण्यासारखी आहे. कामात मधूनमधून अशी चित्रं पेरलेली असतात ज्यांचं 'बरोबर' उत्तर त्यांच्याकडे आधीच असतं. तिथे चुकलात की संपलं. पण ते 'बरोबर' उत्तरही कधीतरी घाईत कोणीतरी माणसानंच दिलेलं असतं, आणि तेच चुकलेलं असलं तर नीट बघून काम करणारा प्रत्येक जण नापास. दुसरी रीत म्हणजे एकच चित्र तिघांना द्यायचं आणि दोघांचं जुळेल ते खरं मानायचं. दोघांनी डोळे झाकून क्लिक केलं असेल तर तिसऱ्यानं काय करावं?

एक उदाहरण देते. ध्वनिफितीत वऱ्हाडाकडचा माणूस बोलतोय. तो म्हणतो, "मी आत्ताच जेवून राहिलो." सूचनेत ठळक अक्षरांत लिहिलेलं: बोललं तसंच उतरवा, सुधारू नका. तसंच उतरवलं. तपासणाऱ्यानं 'व्याकरणाची चूक' असा शेरा मारून काम परत केलं. त्याला दाद मागायची तर एक अर्ज भरायचा असतो. त्याला उत्तर आलं: 'आपल्या संयमाबद्दल धन्यवाद'. आमच्या ग्रुपवर आता कोणाचं काही बिघडलं की आम्ही एकमेकींना हेच लिहितो.

बरं, नुकसान त्या एका कामाच्या पैशांवर थांबत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे मंजुरीची टक्केवारी असते. ती 95 च्या खाली घसरली की चांगली कामं दिसेनाशी होतात. म्हणजे एक गठ्ठा नाकारला गेला की आधी त्याचे पैसे गेले आणि मग पुढच्या महिन्याचं कामही गेलं. टक्केवारी वर आणायची तर एक-एक सेंटची फालतू कामं शेकड्यानं करत बसायचं. खातंच बंद झालं तर त्यात पडून असलेली रक्कमही गेली. आणि नाकारलेलं काम? ते आम्हाला परत मिळत नाही. त्यांच्याकडेच राहतं. ते वापरलं की टाकून दिलं, आम्हाला कसं कळणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या त्याच अहवालात दहापैकी जवळपास नऊ जणांनी सांगितलं होतं की कधी ना कधी आपलं काम नाकारलं गेलं किंवा पैसे अडवले गेले.

महोदय, संगमनेरात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या कितीतरी घरांत विड्या वळल्या जायच्या, आमच्याही. आईला आठवड्याचा पानपुडा आणि तंबाखू मोजून मिळायची. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याचं माप धरून कात्रीनं कातरायची, मांडीवर सूप घेऊन वळायची, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं. मजुरी हजारामागे. माल घेऊन कारखान्यात गेलं की तपासणारा जुड्या उचकायचा: ही सैल, ही आखूड, हिचं पान फाटकं. बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीची मजुरी नाही आणि छाट परतही द्यायची नाही. त्या विड्या पुढे कुठे जातात हे रांगेतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं.

हे थांबवण्यासाठी याच राज्यानं नियम केला होता. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा 1966 चा. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार धरली गेली. त्याखालच्या नियमांत लिहिलं होतं की मालकानं किंवा ठेकेदारानं सर्वसाधारणपणे 5 टक्क्यांहून जास्त माल छाट म्हणून काढू नये, आणि बाईनं मुद्दाम हयगय केली नसेल तर छाटीलाही निम्म्या दरानं मजुरी द्यावी. छाटीवरून वाद झाला तर तो झटपट मिटवायला राज्य सरकारनं अधिकारी नेमायचा, ही तरतूद तर मूळ कायद्यातच होती. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घरी वळणाऱ्या बाईचा आणि आमचा मालक-नोकर असा संबंधच नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता. 1974 मध्ये न्यायालयानं कायदा उचलून धरला.

नियम झाला म्हणून छाट थांबली, असं मी म्हणणार नाही. आई सांगते, तपासणारा पाचाच्या वर काढायचाच, आणि फार बोललं की पुढच्या खेपेला पानं कमी द्यायचा. पण भांडायला आकडा होता. युनियनचा माणूस कारखान्यात जाऊन तोच आकडा तोंडावर टाकायचा, आणि मग तपासणाऱ्याचा हात जरा आवरायचा. आमच्याकडे तोंडावर टाकायला काय आहे? ज्या अटींवर 'मी सहमत आहे'चं बटण दाबलं, त्यात लिहिलंय की काम स्वीकारायचं की नाही हे सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर.

आईला विडी कामगाराचं ओळखपत्र मिळालं, पुढे प्रॉव्हिडंट फंड लागला, तुटपुंजी का होईना पेन्शन येते. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मला शाळेत मिळालेली आहे. ज्या लॅपटॉपवर मी टास्क करते तो चालवायला शिकले त्या शिक्षणात त्या शिष्यवृत्तीचा वाटा आहे, हे मी विसरलेले नाही. तिचं सूप मांडीवर दिसायचं, म्हणून ती काम करते आहे हे घराला आणि सरकारला दोघांनाही मान्य होतं. मी 'सारखी मोबाइलमध्ये' असते. सासूबाईंचं सोडा, ते आम्ही बघून घेऊ. सरकारला तरी मी काम करताना दिसायला हवी.

आता तो 1966 चा कायदा नव्या संहितेत विरघळला. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गिग कामगार (नेहमीची नोकरी नाही, एकेका कामाचे पैसे) आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदाच आले, त्याचं स्वागत आहे. ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून ग्राहक आणि कामगार यांची गाठ घालणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच, कल्याण निधीत भरायचे, हेही वाचलं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे 1 कोटी गिग कामगारांना ओळखपत्र, ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी आणि जन आरोग्य योजनेतून उपचार अशी घोषणा झाली. सगळं चांगलं आहे. पण आजारी पडले तर दवाखाना आणि मेले तर विमा, यापलीकडे त्यात काय आहे? केलेल्या कामाचे पैसे मिळण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. आमची व्याख्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आली, वेतनाच्या संहितेत आली नाही. आणि या सगळ्या चर्चेत गिग कामगार म्हणजे पाठीवर पिशवी लावलेला दुचाकीस्वार, हे चित्र इतकं पक्कं झालंय की आम्ही त्यात बसतो की नाही, हे तालुक्याच्या सेवा केंद्रात बसलेल्या मुलालाही सांगता येत नाही.

राजस्थाननं 2023 मध्ये स्वतःचा कायदा केला. कर्नाटकनं 2025 मध्ये केला, आणि त्यात प्लॅटफॉर्मनं कामगाराला काढायचं असेल तर लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. चौदा दिवस! आमच्यातल्या एकीचं खातं ती आंघोळीला गेली तेवढ्यात बंद झालं होतं. महाराष्ट्रानं मागे का राहावं, हा प्रश्न मला पडतो, कारण 1969 मध्ये माथाडी कायदा करणारं राज्य हे. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या, सकाळी कांद्याची गाडी, दुपारी साखरेची. म्हणून मधे मंडळ आणलं. मजुरी आणि लेव्ही (मालकानं मजुरीच्या वर द्यायची रक्कम) मंडळात भरायची आणि कामगाराला मंडळाकडून मिळायची. आज माथाडी मंडळांचं काय चाललंय यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. पण ज्याला ठरलेला मालक नाही तो कामगारच नाही, हे म्हणणं या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वीच खोडून काढलं होतं.

तुमच्याकडून काय उत्तर येईल ते मला माहीत आहे. ग्रुपवर एकीच्या भावानं तेच दिलं: "कंपनी अमेरिकेत, सर्व्हर आयर्लंडमध्ये, तिथे संगमनेरचा सरकारी कामगार अधिकारी काय करणार?"

परदेशातल्या कंपनीनं इथल्या ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकली तर तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. 1 जुलै 2017 पासून लागतो, आणि त्या कंपन्यांना इथे नोंदणी करून तो भरावा लागतो. कर घ्यायला हात समुद्रापार पोचतो, हे तर सिद्ध झालंय. आणि दुसरं म्हणजे बरंचसं काम आमच्याकडे सरळ येतच नाही. बाहेरची मोठी कंपनी ठेकेदाराला देते, तो भारतातल्या एजन्सीला देतो, ती एजन्सी पुण्यात कुठेतरी, तिचा 'टीम लीडर' व्हॉट्सॲपवर, आणि त्याच्याखाली आम्ही. दर प्रत्येक पायरीवर कापला जातो, पण 'वरून रिजेक्ट झालं' हे मात्र अख्खं आमच्यापर्यंत येतं. खरंच वरून झालं, की टीम लीडरनं वरून पैसे घेऊन खाली रिजेक्ट सांगितलं? तपासायची सोय नाही. ही एजन्सी तुमच्या हद्दीत आहे, तिचं दुकान-आस्थापनेचं प्रमाणपत्र आहे, जीएसटी क्रमांक आहे. विडीच्या कायद्यात ठेकेदार आणि त्याच्यामागचा मुख्य मालक, दोघांनाही धरायची सोय होती. तेच करा.

जास्त दर दिला तर धंदा बुडतो, हेही नेहमी ऐकवलं जातं. बेंगळुरूमध्ये 'कार्या' नावाची संस्था आहे. भारतीय भाषांतले आवाज आणि मजकूर लोकांकडून करून घेते, आणि तासाला सुमारे 5 डॉलर देते. पुढे तो डेटा परत विकला गेला तर काम करणाऱ्याला त्यातला हिस्सा द्यायचा, असंही तिचं धोरण आहे. तिथे सगळ्यांना पुरेसं काम मिळतं असं नाही. पण बुडाली असंही नाही.

फसवणुकीबद्दल थोडं. आमच्या कामाचं नाव या लोकांनी इतकं नासवलंय की खरं काम सांगितलं तरी नातेवाईक म्हणतात, जपून हं. एक प्रकार सगळ्यांना माहीत झालाय: व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला स्टार द्या, पहिले दोन-तीनशे रुपये खरंच खात्यात येतात आणि मग 'प्रीपेड टास्क'साठी हजार, पाच हजार, पन्नास हजार भरायला लावतात. दुसरा प्रकार जास्त वाईट. डेटा एंट्रीचं काम म्हणून करारावर ऑनलाइन सही घेतात, हजारभर फॉर्म पाच-सहा दिवसांत भरायला देतात, अचूकतेची अट अशी घालतात की कोणालाच जमू नये, आणि मग 'कराराचा भंग' म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून नुकसानभरपाई मागतात. घाबरून दागिना मोडून पैसे भरलेल्या बायका आमच्या माहितीत आहेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, हे आम्ही ग्रुपवर प्रत्येक नवीन बाईला सांगतो. पण फोन गेलेल्या पैशांसाठी असतो. काम देणारा खरा की खोटा, हे काम घ्यायच्या आधी कुठे बघायचं? डॉक्टरची नोंदणी बघता येते, बिल्डरची महारेरावर बघता येते. घरबसल्या काम देणाऱ्याची कुठे बघता येत नाही. पोलीस ठाण्यात गेलं की पहिला प्रश्न, "शिकलेल्या आहात ना?" शिकलेल्या आहोत म्हणून तर हे काम करतोय.

पैसे हातात पडण्याची गंमतही सांगून ठेवते. डॉलर येतात ते मधल्या पेमेंटवाल्याकडून. तो रूपांतराचा दर स्वतःचा लावतो, त्यात सरळ तीन-चार टक्के जातात. मग बँकेसाठी 'पर्पज कोड' निवडायचा: हे पैसे कशाचे? यादीत सॉफ्टवेअर सल्लागार आहे, जाहिरात आहे, वास्तुविशारद आहे. सायकलीभोवती चौकटी काढणारीनं काय निवडायचं? बँकेतल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं ते टाका. तेव्हापासून मी सॉफ्टवेअर सल्लागार आहे.

तर मागणी. फार मोठी नाही, आणि नवीन तर अजिबात नाही. राज्यानं गिग कामगारांसाठी कायदा किंवा नियम करायचे ठरवले, तर त्यात घरी बसून ऑनलाइन काम करणाऱ्यांचं नाव घेऊन उल्लेख असावा. 'इतर सेवा' असल्या शेपटात आम्हाला बांधू नये. नाकारलेल्या प्रत्येक कामाला लेखी कारण असावं आणि ते त्या कामापुरतं असावं, गठ्ठ्याला नाही. नाकारण्याला मर्यादा असावी. ती 5 टक्के असावी की किती, यावर बसून बोलू, पण आकडा असावा, आणि मुद्दाम हयगय दाखवता आली नाही तर निम्मा दर मिळावा. जे काम नाकारलं ते देणाऱ्यानं वापरू नये, वापरायचं असेल तर पूर्ण पैसे द्यावेत. खातं बंद झालं तरी आधीच्या मंजूर कामाची रक्कम ठरलेल्या मुदतीत बँकेत यावी. आणि इथल्या एजन्सींची नोंदणी व्हावी, ती यादी कोणालाही बघता यावी, आणि वाद झाला तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तो घेणारा एक माणूस नेमलेला असावा. विडीवाल्या बाईला होता तसा.

या मागण्यांनी सगळं काम दुसऱ्या देशात निघून जाईल, अशी भीती आमच्यातल्याच काही जणींना आहे. त्यांनी मला हे पत्र लिहू नकोस असंही सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. काही काम जाईल. पण मराठी आवाज उतरवायला, मराठी उत्तरं तपासायला, वऱ्हाडी आणि अहिराणी आणि मालवणी ओळखायला कोणाला शोधणार? ते काम तरी इथेच होणार आहे, आणि यापुढे वाढणार आहे. त्याच्यापासून सुरुवात करा. मराठी यंत्राला शिकवण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून जिथे जिथे होतो, तिथल्या निविदेत छाटीची अट घालायला तर केंद्राचीही परवानगी लागत नाही.

आमच्याकडे नाकारलेल्या कामांचे स्क्रीनशॉट आहेत, तारखांसकट. अर्ज केले त्याची उत्तरं आहेत, सगळी एकसारखी. टीम लीडरचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत, ज्यात दर आधी एक आणि नंतर दुसरा आहे. वीस-बावीस जणींनी आपापल्या नावानं द्यायची तयारी दाखवली आहे, बाकीच्या नाव न देता देतील. हे कागद कोणत्या कार्यालयात, कोणत्या टेबलावर द्यायचे, तेवढं कळवावं. सुनावणी ठेवली तर सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मधे ठेवावी. त्यानंतर आमची कामं पडायला लागतात.

आपली,
घरून टास्क करणारी एक कामगार
संगमनेर, जि. अहिल्यानगर